खळ, मोरचूद आणि रुमाल

जुन्या कागदांचा रुमाल सोडताना आधी वासाकडे लक्ष द्यायचं. नाक खुपसून नाही, गाठ सुटताना येतो तेवढाच. व्हिनेगरसारखा आंबट आला तर आत अ‍ॅसिटेटने लॅमिनेट केलेले, म्हणजे दोन्हीकडून प्लास्टिकची पातळ फिल्म चढवलेले, कागद आहेत आणि ते लॅमिनेशन कुजायला लागलंय. डांबरगोळ्यांचा आला तर कीड दिसल्यावर घाबरून कुणीतरी मूठभर टाकलेल्या आहेत. कुबट आला तर रुमाल तिथेच पुन्हा बांधायचा, पॉलिथिनच्या पिशवीत घालून वेगळा ठेवायचा आणि मास्क-हातमोजे चढवल्याशिवाय उघडायचा नाही. बुरशीचे कण एकदा टेबलावर उडाले की शेजारचे चार रुमालही आजारी.

रुमाल म्हणजे जुन्या दप्तरातला कापडी गठ्ठा. पेशवे दप्तरातले मोडी कागद अभ्यासक आजही रुमालाच्या क्रमांकाने ओळखतात. जुनी घराणी, देवस्थानं, वाचनालयं, पतपेढीच्या माळ्यावरच्या पेट्या, सगळीकडे हाच प्रकार. आणि हे कागद संवर्धकाच्या टेबलावर येतात तेव्हा वाळवी आणि कसर यांच्याइतकाच तिसरा गुन्हेगार सोबत येतो. तो म्हणजे आधीच्या कुणीतरी मनापासून केलेली दुरुस्ती.

पहिला गैरसमज असा की जितका कागद जुना तितका तो नाजूक. आपल्याकडे बऱ्याचदा उलट असतं. जुन्नर किंवा दौलताबादकडचा हातकागद चिंध्या, सण, ताग अशा लांब तंतूंचा. लगदा करताना चुन्याचा वापर व्हायचा, त्यामुळे कागदात आम्ल कमी. वरून खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणून पृष्ठभागाला ती मंद चकाकी. अडीचशे वर्षांपूर्वीचं पत्र अजून दुमडलं तरी तुटत नाही आणि १९३० सालचं वर्तमानपत्र कोपरा धरला की हातात येतं, कारण ते लाकडाच्या लगद्याचं आणि तुरटी-राळेच्या सायझिंगचं, म्हणजे शाई पसरू नये म्हणून दिलेल्या लेपाचं. आम्ल त्याच्या घडणीतच आहे. तेव्हा एकाच पेटीतल्या दोन कागदांना एकच उपचार, ही पद्धत सुरुवातीलाच बाद. चुन्याच्या निवळीने आम्ल मारायचा उपचार वर्तमानपत्राला कामाचा ठरू शकतो. घोटलेल्या हातकागदाला तो बहुतेक वेळा लागतच नाही, आणि दिला तर त्या बुडवण्यात चकाकी मात्र जाते.

शाईची चाचणी प्रत्येक रंगाची वेगळी करायची. काळी शाई काजळाची, बाभळीच्या डिंकात घोटलेली. काजळ पाण्यात विरघळत नाही म्हणून ती पक्की, असं पुस्तकात वाचून लोक निर्धास्त होतात. पण काजळाला कागदावर धरून ठेवणारा डिंक विरघळतो. ओल्या कागदावरून ब्रश ओढला की अक्षर विरघळत नाही, सरकतं. चाचणी साधी आहे: अक्षराच्या एका टोकाला बारीक ब्रशने डिस्टिल्ड पाण्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, मग ब्लॉटिंगचा तुकडा टेकवून उचलायचा. घासायचं नाही. ब्लॉटिंग पांढरं राहिलं तर तेवढ्या वेळापुरता आणि तेवढ्या पाण्यापुरता भरवसा धरायचा, त्याहून जास्त नाही. जांभळे रबरी शिक्के आणि कॉपिंग पेन्सिल (ओली झाली की जांभळी उमटणारी) पाण्यातही पसरतात आणि अल्कोहोलमध्ये तर पळतात. एकाच कागदावर मोडी मजकूर, त्यावर कचेरीचा जांभळा शिक्का आणि वर रेव्हेन्यू स्टँप असेल, तर तीन चाचण्या.

पोथ्यांमध्ये पिवळे पट्टे दिसतात, चुकलेल्या अक्षरांवर फासलेले. तो हरताळ. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घालायचे, बोट जिभेला लावून पान उलटायची सवय सोडायची आणि त्या पट्ट्यावर कोरडा ब्रशसुद्धा फिरवायचा नाही. हिरव्या रंगाचं दुखणं वेगळं. जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज, सीमारेषेला वापरलेला असेल तर ती रेष आधी तपकिरी होते आणि मग चौकट खिडकीसारखी निखळून पडते. अशा पानाला पाणी दाखवलं की तांबं आजूबाजूला पसरतं. तिथे शक्य तितकं कोरडं काम.

आणि तांब्यावरून मोरचूद. आपल्या बाइंडरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत: मैद्याची खळ शिजवायची आणि झुरळ-कसर लागू नये म्हणून त्यात मोरचुदाची चिमूट टाकायची. कीड खरंच कमी लागते. पण मोरचूद म्हणजे तांब्याचंच क्षार, आणि तांबं कागदाच्या ऑक्सिडेशनला घाई करतं. जुन्या बांधणीत पुठ्ठ्याजवळच्या पानांवर खळीच्या आकाराचाच तपकिरी पट्टा दिसतो आणि पान बरोबर त्या पट्ट्याच्या कडेला तुटतं. बाइंडरला दोष द्यायचा नाही. त्याला पुस्तक पुढची वीस वर्षं हाताळण्याजोगं हवं होतं आणि ते त्याने करून दिलं. संवर्धकाचं गणित निराळं आहे: आज लावलेलं उद्या दुसऱ्या कुणाला काढता आलं पाहिजे.

म्हणून खळ गव्हाच्या स्टार्चची, मैद्याची नाही. मैद्यात ग्लुटेन असतं. ते पिवळं पडतं, कडक होतं आणि किडीला स्टार्चपेक्षा जास्त आवडतं. २० ग्रॅम स्टार्च १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात निदान तासभर भिजवायचं. मग मंद आचेवर, शक्यतो गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, एका दिशेने ढवळत राहायचं. घरी कुरडयांचा चीक शिजताना ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही: दुधी पांढरं पातळ अचानक घट्ट होतं, मग हळूहळू अर्धपारदर्शक होऊन चमकू लागतं. घट्ट झालं की शिजलं असं समजून गॅस बंद करणं ही नेहमीची चूक. त्यापुढेही ढवळत राहायचं, एकूण ३० ते ४० मिनिटं. कच्च्या राहिलेल्या खळीची चिकटण्याची ताकद कमी पडते आणि पुढे दुरुस्तीची पट्टी पापुद्र्यासारखी सुटते. (कुरडयांचाच चीक का वापरू नये? तो तीन दिवस आंबवलेला असतो. कागदाला आम्ल नकोय.)

थंड झाल्यावर ती खरवसासारखी थरथरते. बारीक नायलॉनच्या चाळणीतून लाकडी पट्टीने दाबून दोन-तीनदा गाळायची, मग ब्रशने घोटत थेंब-थेंब पाणी घालायचं. बारीक फाटीसाठी सायीइतकी दाट पुरते, मोठ्या अस्तरासाठी ताकाइतकी पातळ. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. वर पाणी सुटलं किंवा वास आला की टाकून द्यायची. टिकावी म्हणून त्यात काही मिसळायचं नाही, त्यापेक्षा थोडीच करायची.

पट्टी जपानी टिश्यूची, कोझो (जपानी तुतीच्या सालीच्या) तंतूंची. मोडी पत्राच्या फाटीला ५ ते ९ ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा टिश्यू बहुधा पुरतो. ज्या कागदाला लावायचा त्याच्याहून तो अशक्त असला पाहिजे, म्हणजे पुढेमागे ताण आला तर पट्टी फाटेल, पत्र नाही. कात्रीने कापायचा नाही. फुटपट्टीशेजारी ओल्या बारीक ब्रशने रेघ ओढायची आणि दोन्ही हातांनी अलगद ओढून तोडायचा, कडेला तंतूंची मिशी राहते. कापलेल्या कडेची धार कागदाला नवी घडी पाडते, मिशी पाडत नाही. पट्टी फाटीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर पुरे. काचेवर ठेवून खळ लावायची, जादा खळ ब्लॉटिंगवर टिपून घ्यायची, चिमट्याने उचलून फाटीवर ठेवायची. फाटलेल्या दोन कडांत एक वरची आणि एक खालची असते. भिंगातून ते नीट बघून मगच जुळवायच्या, नाहीतर काना-मात्रा अर्ध्या मिलिमीटरने हलते, आणि मोडीत तेवढ्यात शब्द बदलतो. मग वर-खाली पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, त्यावर ब्लॉटिंग, काच आणि अर्धा-एक किलोचं वजन. पंधरा मिनिटांनी ब्लॉटिंग बदलायचं. हे बदलणंच लोक विसरतात, आणि मग पट्टीभोवती पाण्याच्या डागाची तपकिरी कड उमटते. तो डाग खळीचा नाही. कागदातली जुनी घाण पाण्याबरोबर कडेपर्यंत सरकून तिथे थांबलेली असते.

गुंडाळी झालेले किंवा घट्ट घड्या पडलेले कागद कोरडे असताना उलगडायचे नाहीत. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक ट्रेमध्ये तळाशी ओलं करून पिळलेलं ब्लॉटिंग, त्यावर जाळी, जाळीवर कागद. पाणी कुठेही थेट लागता कामा नये. अर्ध्या तासाने पहिल्यांदा बघायचं, मग दर पंधरा मिनिटांनी. कागद सैलावला की गुंडाळी स्वतःहून उघडू लागते, आपण फक्त मागे मागे जायचं. रात्रभर ठेवून घरी जाणं हा आळस महागात पडतो: दमट हवेत सकाळी बुरशीचे ठिपके किंवा घोटाईची चकाकी गायब, दोन्ही शक्य आहे.

इथे व्यवसायातल्या एका जुन्या भांडणाचा मुद्दा येतो. घड्या काढायच्या की ठेवायच्या? एक बाजू म्हणते सपाट कागद जास्त टिकतो, स्कॅन नीट होतो. दुसरी म्हणते पत्र कसं दुमडून पाठवलं हाच पुरावा आहे. लांब कागदांत तुकडे खळीने जोडलेले असतात आणि कधी कधी जोडावर मागून शिक्का मारलेला असतो, मधलाच तुकडा कुणी बदलू नये म्हणून. तो जोड धुण्यात सुटला आणि पुन्हा चिकटवताना शिक्का मिलिमीटरभर जरी हलला, तरी उद्याचा अभ्यासक त्याला बनावट ठरवू शकतो. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. घडी दाबून नाहीशी करायची नाही, ती तुटणार नाही इतपत सैल करायची. आणि जोड सुटत नसेल तर त्याला हात लावायचा नाही, कितीही वाकडा असला तरी.

आता आधीच्या दुरुस्त्या. घरगुती कागदांत सगळ्यात जास्त सापडतो सेलोटेप. त्याची वरची फिल्म काही वर्षांत आपोआप सुटते, खरा त्रास खाली उरलेल्या डिंकाचा. कोमट केलेल्या स्पॅच्युलाने फिल्म कडेकडेने उचलायची, कागदाच्या दिशेने नाही, फिल्म स्वतःवरच परत दुमडत. मग चिकट अवशेष क्रेप रबराने (खोडरबरासारख्या कच्च्या रबराच्या तुकड्याने) गोळा करायचा. डिंक पिवळा होऊन कागदात उतरला असेल तर सॉल्व्हंट लागतं, आणि तपकिरी होऊन कडक झाला असेल तर डाग बहुतेक राहतोच. टेप पाच वर्षांपूर्वीचा असताना आणलेला कागद आणि तीस वर्षांनी आणलेला कागद यांत फरक पडतो तो इथे.

अ‍ॅसिटेट लॅमिनेशनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत कागद-संवर्धक विल्यम बॅरो यांनी ते यंत्राने, उष्णता आणि दाबाने केलं. आपल्याकडे राष्ट्रीय अभिलेखागारात १९५०च्या दशकात यंत्राविना, अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने करायची रीत निघाली: मध्ये कागद, दोन्हीकडे अ‍ॅसिटेटची फिल्म, त्यावर टिश्यू, आणि मधून बाहेर असा अ‍ॅसिटोन फिरवायचा. फिल्म क्षणभर विरघळून कागद आणि टिश्यू दोन्हींना धरते. स्वस्त, वीज नको, कुठल्याही दप्तरात करता येण्याजोगं. त्या काळाच्या हिशेबाने हुशार काम होतं, आणि त्याला आज नाकं मुरडणाऱ्यांनी तेव्हाची साधनं आठवावीत. पण अ‍ॅसिटेट उष्ण-दमट हवेत तुटतं, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच कागदात शिरतं.

काढण्याची वाट पुन्हा अ‍ॅसिटोनच. आधी शाया आणि शिक्क्यांची अ‍ॅसिटोनची वेगळी चाचणी, जांभळा शिक्का असेल तर इथेच थांबायचं. मग स्टीलच्या किंवा काचेच्या ट्रेमध्ये, वाफा ओढून घेणाऱ्या पंख्याखाली, जवळपास ज्योत किंवा ठिणगी उडवणारं बटण नसताना, तीन आंघोळी, प्रत्येकी १५ ते २० मिनिटं. तिन्ही ट्रे ताज्या अ‍ॅसिटोनचे. पहिल्या ट्रेमधून काढून कागद तसाच वाळवला तर विरघळलेलं अ‍ॅसिटेट पांढरट साय होऊन त्याच्यावर पुन्हा बसतं, आणि ‘काढल्यावर कागद खराब झाला’ अशी तक्रार येते ती याचीच. शिफॉन, म्हणजे झिरझिरीत रेशमी कापड, चिकटवलेले कागद त्यामानाने सोपे. खळीने लावलेलं असतं, वाफ दिली की सुटतं. रेशीम स्वतःच काही दशकांत जीर्ण होतं, तेव्हा ते निघतं तुकड्यातुकड्यांत, आणि चिमटा घेऊन दुपार जाते.

कीड. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, पण कडुनिंबाचा पाला थेट पानांत घालू नका, वाळताना त्याचे डाग कायमचे बसतात. जुन्या पद्धतीतली थायमॉलची (बुरशी मारणाऱ्या रसायनाची) वाफेची पेटी, खाली बल्ब आणि वर कागद, आता बहुतेकांनी सोडली: माणसाला अपाय आणि परिणाम तात्पुरता, हवा दमट राहिली की बुरशी परत. जिवंत भुंगेरा असेल, म्हणजे भोकांखाली ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल, तर गोठवणं चांगलं: दोन पॉलिथिनच्या पिशव्यांत हवा काढून बंद, उणे २० अंश, निदान आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर बाहेरच्या हवेचं दव धरतं. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा या कामाचा नाही, तो सारखा उघडला जातो आणि तापमान टिकवत नाही.

हवेबद्दल एवढंच सांगतो की मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बुरशी रुजते. कितीतरी ठिकाणी दिवसा एसी चालतो आणि संध्याकाळी कचेरीबरोबर बंद होतो. याच्यापेक्षा पंखा आणि उघडी खिडकी परवडली. गार झालेल्या कपाटावर रात्रीची दमट हवा येते आणि स्टीलच्या पत्र्यावर आतून पाणी धरतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. आर्द्रतामापक विकत घेतलात तर आधी तो खरं बोलतो का ते बघा. बाटलीच्या बुचात साधं मीठ, त्यात चार-सहा थेंब पाणी, ओल्या वाळूइतकं दाट, विरघळून जाता कामा नये. हे बूच आणि मापक एका झिपच्या पिशवीत हवेसकट बंद करून आठ-दहा तास ठेवायचे. आकडा ७५ आला पाहिजे. ६८ दाखवला तर तुमचा मापक सात टक्के कमी सांगतो, चिठ्ठी लिहून त्याच्या पाठीवर चिकटवा.

पुराची तयारी मात्र प्रत्येक वाचनालयाने करून ठेवावी. या क्षेत्रातले लोक आपापसांत बोलायला लागले तेच एका पुरामुळे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी शहरात घुसली, राष्ट्रीय ग्रंथालयाची तळघरं चिखलाने भरली आणि देशोदेशीचे बाइंडर, रसायनतज्ज्ञ, विद्यार्थी एका छताखाली आले. इंग्लंडमधून गेलेल्या बाइंडर पीटर वॉटर्स यांच्या डोक्यात तिथल्या कामातून एक विचार पक्का झाला: एका ग्रंथावर वर्षभर बसण्याआधी हजार ग्रंथांना साधी पेटी करून द्या. आपल्याकडे लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ साली ओ. पी. अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि संग्रहालयांतल्या लोकांना पद्धतशीर प्रशिक्षण मिळू लागलं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. तरीही तालुक्याच्या वाचनालयापर्यंत यातलं फार थोडं पोचतं, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं तेव्हा ते कळलं.

पाणी ओसरल्यावर हातात साधारण ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी. ओली पुस्तकं उघडायची नाहीत, दाबायची नाहीत, उन्हात टाकायची नाहीत. थोडी असतील तर ब्लॉटिंग घालत पंख्याखाली वाळवता येतात. शेकड्यांनी असतील तर आधी गोठवायची, पॉलिथिनमध्ये एकेक गुंडाळून, भाजीच्या क्रेटमध्ये कणा खाली करून एकाच थरात. गोठलं की घड्याळ थांबतं, वाळवण्याचा निर्णय पुढच्या महिन्यात घेता येतो. कोकणात याची सोय मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. त्या माणसाचा फोन नंबर जूनच्या आधी भिंतीवर लिहून ठेवा. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं सगळ्यात आधी गोठवायची, कारण ती अर्धवट वाळली की विटेसारखी एकजीव होतात आणि मग कुणीच सोडवू शकत नाही. मोडी हस्तलिखितावरचा चिखल ओला असताना धुवायला जाऊ नका. डिंकाचं वर सांगितलंच.

काम झालं की नोंद: आधीचे फोटो, त्यांत एक तिरप्या प्रकाशातला, काय लावलं, कुठल्या वजनाचा टिश्यू, खळीचं प्रमाण, काय जमलं नाही आणि का. ‘का’ हा रकाना बहुतेक अहवालांत कोरा असतो. आपल्या हातून शिक्का पसरला हे लिहायला कुणाला आवडत नाही, पण पुढच्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. नोंदीची एक प्रत कागदाबरोबरच ठेवायची, आम्लरहित कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेन नाही, आणि स्टेपल तर नाहीच. मग कागद आम्लरहित पाकिटात, पाकीट पेटीत, आणि पेटीवर नवा क्रमांक घालताना रुमालाचा जुना क्रमांकही लिहायचा, कारण जुन्या सूच्यांत कागद त्याच क्रमांकावर सापडतो. रुमालाचं कापड धुऊन, घडी घालून त्याच पेटीत खाली.